ठेवा की ठोक

चंद्रपूर
१३ जानेवारी २००२

खुशालभाऊ,

जयभीम. अक्षर ओळखू येणार नाही. माझं अक्षर तू कधी पाहिलेलंच नाहीस. हे पत्र कोणाकडून लिहून घेतलेलं नाही, मी स्वतः लिहिते आहे. मी गिरजा.

पंधरा वर्षांत माझ्याकडून तुला अहेरीला एकच तार आली असेल, हे गेल्याची. तू आला नाहीस. त्याचा राग मी धरला नाही. धरायला मला जागा नव्हती.

दुकान सुरू आहे. जटपुरा गेटातून आत आलं की तीच दगडी कमान, तेच सागवानी खांब. वरचा सज्जा एका बाजूला झुकला म्हणून घरमालकाने खालून बल्ल्या लावल्या आहेत, त्यामुळे लोक दुकानात शिरताना वर बघतात. रोज सकाळी पुस्तकांवरची कोळशाची भुकटी पुसते. उधई लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला बदलते. कॉलेजची मुलं गाइड मागायला येतात. महिन्यातून एखादा माणूस येतो, ज्याला गावाच्या जुन्या 'चांदा' या नावाचा शिक्का असलेलं काही हवं असतं. तो तासभर बसतो आणि मला बरं वाटतं.

बोलताना मी अजून मले-तुले म्हणते. लिहिताना ही दुसरी भाषा येते, कारण लिहिणं मी पुस्तकांतूनच शिकले. माझा राग मानू नकोस.

परवा शुक्रवारी वरोऱ्याहून मुखरूजी आले होते. नूतनसाठी तू जो मुलगा पाहिला आहेस, अश्वजित, त्याचे मोठे काका. नूतन मास्तरीण झाली, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी शेवटची पाहिली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात पडले होते. मुखरूजी चौकशीला आले होते. चहा घेतला. तुझ्याबद्दल विचारलं. मी तुझ्याविषयी काही वाईट बोलले नाही. तेवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

नूतनला माझ्या मंगलकामना सांग.

गिरजा


चंद्रपूर
२७ जानेवारी २००२

भाऊ,

तुझं पत्र आलं नाही. नूतनचं आलं. तिने लिहिलं आहे, "आत्या, तुमचा चेहरा मला आठवत नाही. वरोऱ्याचे लोक तुमच्या दुकानातून गेल्यापासून गप्प आहेत. मार्च लागायच्या आत हो किंवा नाही सांगतो म्हणाले. बाबा काहीच बोलत नाहीत, लाकडाच्या डेपोतून येतात आणि जेवून झोपतात. तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

मी वाईट बोलले नाही असं तुला लिहिलं. ते खरं आहे. काय बोलले ते लिहिलं नव्हतं.

मुखरूजी स्टुलावर बसले, चारी बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा एवढा पसारा घेते कोन?"

"घेनारे घेतेत."

"माह्या घरी असता तं मी हिवाळाभर बंब पेटवला असता."

मीही हसले. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली.

"खुशाल तुमचा सख्खा भाऊ नं?"

"हो."

"मंग सोयरीक कराच्या आधी इचारलेलं बरं. राग नोका मानू. त्यानं याच दुकानातून पुस्तक चोरलं होतं मनतेत. भर रस्त्यावर त्याची पेटी खोलली होती मनतेत. खरं हाये का?"

मी म्हणाले, "जुनी गोष्ट हाये, भाऊ."

"जुनी हाये मंजे हाये," ते म्हणाले. अर्धी बशी तशीच खाली ठेवली आणि उठले.

मी त्यांना थांबवलं नाही. ते कमानीतून बाहेर पडून बसस्टँडच्या रिक्षात बसेपर्यंत मी पाहत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तू चोरी केली नव्हतीस. हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. हा चौथा.

माझं लग्न ठरवताना तू ह्यांना म्हणालास, "पोरगी चवथी पास हाये." मी पहिलीतसुद्धा बसले नव्हते, ढोरं राखत होते. पुस्तकवाला माणूस अडाणी बायको करणार नाही, म्हणून तू तसं बोललास. लग्नानंतर तू दुकानात कामाला आलास आणि मला पहिली गोष्ट शिकवलीस. हे जे गठ्ठे किलोने विकायचे, त्यांवर 'ठोक' अशी चिठ्ठी लावायचे. शनिवारी ठोकवाला हातगाडी घेऊन यायचा. ज्या गठ्ठ्यावर चिठ्ठी नाही तो राहायचा, चिठ्ठी असलेला जायचा. तू ते अक्षर बोटाने ओट्यावरच्या धुळीत काढून दाखवलंस. म्हणालास, "हा वाटोळा ठ दिसला का देऊन टाकाचं. बाकीचं तुले पाहाची गरज नाई."

पाच वर्षं मी तेवढ्या एका अक्षरावर दुकानात बसले. बाकीची पुस्तकं मी रंगावरून, जाडीवरून, वासावरून ओळखत असे. कधी चुकले नाही.

८६ सालच्या ऑक्टोबरातला पहिला शनिवार. तू सकाळच्या गाडीने नागपूरला पुस्तकं आणायला गेला होतास. हे टपालात गेले होते. ठोकवाला आला. ओट्याच्या टोकाला एक गठ्ठा होता, त्यावर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर ठ होता. मी चिठ्ठी काढून घेतली आणि गठ्ठा गाडीवर ठेवला.

त्यात ते झाडपाल्याचं शिळाछापी पुस्तक होतं. सव्वाशे वर्षांचं, प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. सोमवारी नागपूरचे प्रोफेसर ते न्यायला येणार होते, म्हणून ह्यांनी शुक्रवारी ते वेगळं बांधलं आणि कधी नाही ती तशी चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर 'ठेवा' लिहिलं होतं.

मला वाचता येत नाही असं मी सांगितलं असतं, तर तुझा शब्द खोटा पडला असता. मी तुझ्यासाठी गप्प राहिले, भाऊ.

गिरजा


चंद्रपूर
१० फेब्रुवारी २००२

भाऊ,

तुझं उत्तर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते टपालात टाकून परत येताना गांधी चौकात पोचेपर्यंत मला कळलं होतं की ते खोटं आहे.

सोमवारी प्रोफेसर आले. हे गठ्ठा शोधू लागले. तू आदल्या दिवशीच नागपूरहून आलेला, मागच्या खोलीत नवी पुस्तकं सोडत होतास. ह्यांनी मला विचारलं, "गिरजा, मी वरतं 'ठेवा' लिवून चिठ्ठी लावली होती. तू वाचली असशील नं?"

ठेवा. हा शब्द कानावर पडला त्याच क्षणी मला समजलं. ठोकमध्ये ठ आहे, ठेवामध्येही ठ आहे. इतकी वर्षं मी ठ म्हणजे जा असंच समजत होते.

मी म्हणाले, "चिठ्ठी नव्हती."

चिठ्ठी माझ्याकडेच होती. जुन्या चिठ्ठ्या मी एका डब्यात जमवत असे, मागची बाजू कोरी असते म्हणून. दुपारी मी ती चहाच्या सिगडीत घातली.

गठ्ठा ठोकवाल्याकडे जाऊन दोनच दिवस झाले होते. बिनबा गेटाजवळ त्याचं गोडाऊन. मी त्या दिवशी बोलले असते तर हे धावत गेले असते आणि कदाचित पुस्तक तसंच बांधलेलं मिळालं असतं. ते मी तेव्हाही जाणत होते.

चिठ्ठी नव्हती म्हणताच ह्यांचा संशय तुझ्यावर गेला. चिठ्ठी कोणीतरी काढली, गठ्ठा कोणीतरी नेला, आणि तू नागपूरला जाऊन आलेला. पुढचं तुला माहीत आहे. पण मी कुठे उभी होते ते तुला माहीत नसेल. मी खांबाच्या मागे होते.

हे म्हणाले, "खुशालभाऊ, पेटी खोला."

तू म्हणालास, "तुमीच खोला, रामाजी."

ह्यांनी पेटी उचलून रस्त्यावर आणली. त्यांना वाटलं असेल की आत काही नाही असं सर्वांसमोर दिसलं तर बरंच. तसं काही झालं नाही. समोरचा पानवाला म्हणाला, "साबनाची वडी सापडली, पुस्तक नाई सापडलं. मंजे इकून आला!" लोक हसले. दोन सदरे, एक धोतर, साबण, आणि नूतनसाठी नागपूरहून आणलेला पिवळा फ्रॉक. फ्रॉक धुळीत पडला. तू तो उचललास, झटकलास, घडी घातलीस. मग तू दुकानाकडे पाहिलंस, खांबाकडे. तुला तेव्हाच कळलं होतं का? मला वाचता येत नाही हे जगात फक्त तुला ठाऊक होतं. 'हिले इचारा, ही अडाणी हाये' एवढं म्हणून तू सुटला असतास. तू पेटी बंद केलीस आणि अहेरीकडे जाणाऱ्या आलापल्लीच्या गाडीची वेळ विचारलीस.

दहा दिवसांनी दीक्षाभूमीच्या मेळाव्यात आमचा पुस्तकांचा स्टॉल होता. दुपारी मी फुटाणे घेतले. पुडीचा कागद त्याच पुस्तकातला होता. त्यावर हाताने रंगवलेलं पळसाचं पान, तीन दलांचं, हिरव्या रंगात बोटाएवढा लाल डाग सुकलेला. मी फुटाणे पदरात ओतले आणि कागद चुरगळून गर्दीत पायाखाली टाकला. स्टॉलवर हे उभे होते. दहा पावलांवर.

तुझ्या शब्दासाठी गप्प राहिले हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलं की ते लिहिलंही. खरं असं आहे की मला ह्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. रोज संध्याकाळी हे मला वाचून दाखवत. म्हणत, "तू वाच आता थोडं." मी म्हणायचे, "तुमचाच आवाज बरा लागते." ते खूश होत. त्यात खोटं नव्हतं, भाऊ. त्यांचा आवाज मला खरंच बरा वाटायचा. ते सोडायचं माझ्या जिवावर आलं, आणि मी तुला सोडलं.

नंतर मी दुकानातलीच अंकलिपी घेऊन चोरून शिकले. तीन वर्षं लागली. सगळ्यांत उशिरा ठ गिरवला. ह्यांच्या आजारपणात मी वाचत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. एकदा म्हणाले, "चवथी पासवाली बरी वाचते." आणि एकदा, जाण्याच्या आठवडाभर आधी, म्हणाले, "खुशालनं एकडाव येऊन सांगतलं असतं तं मी माफ केलं असतं."

मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले.

मी येत्या रविवारी वरोऱ्याला जाते आहे. तू नको म्हणालास तरी पत्र तोवर पोचणार नाही.

गिरजा


चंद्रपूर
१८ फेब्रुवारी २००२

भाऊ,

काल जाऊन आले. मुखरूजींच्या अंगणात सोयाबीनची पोती लागली होती. रविवार असल्याने घरचे चार पुरुष होते, अश्वजितही होता. मला खुर्ची दिली. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि चहा आला की माझं बोलणं राहून जातं.

मी म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुमी इचारलं तवा मी बरोबर नाई सांगतलं. पुस्तक खुशालनं नाई चोरलं. मीच ते ठोकवाल्याले देऊन टाकलं. मले तवा वाचता येत नव्हतं, आता येते. अन् मंग माह्या नवऱ्यासमोर खोटं बोलली, का चिठ्ठी नव्हती."

मग आतून एका बाईचा आवाज आला, "मायबाई! पुस्तकाच्या दुकानात बसून?"

मुखरूजी म्हणाले, "अन् हे तुमाले आता आठोलं? भाचीची सोयरीक अडली तवा?"

"आठोत होतं. रोज आठोत होतं. बोलली नाई."

"आता तं वाचता येते मनता. कायवरून मानाव?" त्यांनी पायाने एक रिकामी थैली माझ्याकडे सरकवली. "हे वाचा."

मी थैली उचलून वाचली. "हे बियाणे विषारी औषध लावलेले आहे. खाण्यासाठी वापरू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे."

एक पोरगा हसला. मुखरूजी हसले नाहीत. "तुमचा भाऊ पंधरा वर्सं चोर मनून घेऊन राह्यला. तुमाले अडानी नाई मनू देलं. कावून?"

"त्याले इचारा," मी म्हणाले. "मी त्याले कधी इचारलं नाई."

तेव्हा अश्वजित पहिल्यांदा बोलला. "काका, आपन मानसाले इचारलंच नाई. दुकानात जाऊन इचारलं, अन् घरी येऊन बसलो."

"तू गप बस," मुखरूजी म्हणाले. मला म्हणाले, "कळवतो." अश्वजित बसस्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने नूतनबद्दल काही विचारलं नाही. तुझ्याबद्दल विचारलं, तू कोणती झाडं मोजतोस, डेपोत साग किती येतो. तू बिडी ओढायचास ते सांगितलं आणि मग वाटलं की नको होतं सांगायला.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आपल्या रस्त्यावर फिरले. पेटी खोलली तेव्हा जे उभे होते त्यांना शोधलं. शिंपी वारला आहे. सायकलवाल्याचा मुलगा म्हणाला, बाबांना आता काही समजत नाही. पानवाला आहे. त्याच्या ठेल्यासमोर उभी राहून मी सगळं सांगितलं, मोठ्याने, तीन गिऱ्हाइकांसमोर. त्याने चुना लावता लावता ऐकलं.

"कोनता खुशाल, बाई?" तो म्हणाला.

मी पेटी सांगितली, साबण सांगितला, तो स्वतः काय बोलला होता ते सांगितलं. त्याला आठवेना. "असंन," म्हणाला. "आपन तं रोजच कोनाले काई मनतो."

भाऊ, ज्या रस्त्यावर तू पंधरा वर्षं पाय ठेवला नाहीस, त्या रस्त्याला तू आठवत नाहीस. हे तुला कळवावं की नाही, याचा मी दुपारभर विचार केला. पण लपवणं मी आता थांबवलं आहे, म्हणून लिहिलं.

ह्यांना सांगायचं राहिलं. ते राहिलंच.

गिरजा


चंद्रपूर
८ मार्च २००२

भाऊ,

नूतनने कळवलं की वरोऱ्याहून होकार आला. मे महिन्यातली बारा तारीख ठरली. तिने आणखी लिहिलं की मुखरूजी अहेरीला येऊन तुझ्यासोबत दिवसभर बसले, आणि दोघेही फारसं काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी तुझे दोन्ही हात हातात घेतले. हे वाचून मी दुकान तासभर बंद ठेवलं.

नूतन म्हणते, आत्या, तुम्ही लग्नाला या. पोरगी चांगली आहे. पण बोलावणं तिने पाठवलं आहे, तू नाही. मी येणार नाही. मांडवात मी दिसले तर लोक माझ्याकडे आणि मग तुझ्याकडे बघतील, आणि तो दिवस तिचा आहे. आहेर म्हणून मी तिला पुस्तकं पाठवते आहे, शाळेत लागतील अशी. ती ठेवायची की परत करायची हे तू ठरव. परत आली तरी मी काही विचारणार नाही.

आणि काल तुझं कार्ड आलं.

पोस्टमन नवा आहे. त्याने कार्ड हातात दिलं, माझे पांढरे केस पाहिले आणि चांगुलपणाने विचारलं, "मावशी, वाचून दाखवू का?"

मी म्हणाले, "नोको, बापू. माह्यं हाये. मीच वाचीन."

तो गेल्यावर मी कमानीखाली उभ्यानेच वाचलं. वर माझं नाव, खाली तुझी सही, मध्ये दोन ओळी. 'गिरजा, तुले तवा वाचता येत नव्हतं. पन बोलता येत होतं.'

मग आत येऊन बसले आणि पुन्हा वाचलं. एक एक अक्षर लावून, जशी अंकलिपी वाचायचे तसं. कुठे दुसरा अर्थ निघतो का पाहिलं. निघत नाही.

तू बरोबर लिहिलं आहेस.

गिरजा